पिशवी काढायची की थांबायचे? पाळी जाण्याच्या वयातला अतिरक्तस्राव आणि न विचारलेले प्रश्न

कृष्णाकाठ (सांगली)

माझे वय ४७ आहे. सांगलीतल्या एका माध्यमिक शाळेत मी २२ वर्षे शिकवते आहे. गेल्या दीड वर्षापासून माझ्या पाळीला काही ताळतंत्र राहिलेले नाही. कधी ती वीस दिवसांत येते, कधी दोन महिने तिचा पत्ता नसतो, आणि आली की आठ-दहा दिवस अंगावरून जात राहते. मार्चमध्ये दहावीच्या परीक्षेचे पर्यवेक्षण माझ्याकडे होते. तीन तास वर्ग सोडता येत नाही, आणि पहिल्या तासाभरातच मला कळून चुकले की आज काही निभत नाही. मग मी खुर्चीवरून उठलेच नाही. पुरवणी मागणाऱ्या मुलांना मी जागेवर बोलावून घेतले आणि पेपर संपल्यावर वर्ग रिकामा होईपर्यंत तशीच बसून राहिले. आमच्या शाळेतल्या मावशींनी एक शब्द न विचारता ओला फडका आणून दिला आणि माझी पाठ कोणाला दिसू नये म्हणून स्वच्छतागृहापर्यंत त्या माझ्या अगदी मागे चालत आल्या.

त्यानंतर मी इथल्या एका खासगी दवाखान्यात गेले. हिमोग्लोबिन ८.४ निघाले. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या भिंतीत तीन सेंटिमीटरची फायब्रॉइडची गाठ दिसली. डॉक्टरांनी अहवाल पाहिला आणि म्हणाले, "मुले झालेली आहेत, आता पिशवीचे काय काम? काढून टाकू, अंडाशयही काढू, म्हणजे पुढची काळजी मिटली." दाखल होण्याची तारीखही त्यांनी लगेच दिली. दुसरा काही उपाय आहे का, असे मी विचारले तेव्हा "गोळ्या किती दिवस खाणार?" एवढेच उत्तर मिळाले.

घरातल्या सर्वांना हे पटले आहे, पण माझे मन तयार होत नाही, आणि त्याला कारण माझ्या थोरल्या जाऊबाई आहेत. १९ वर्षांपूर्वी, वयाच्या ३५ व्या वर्षी, अंगावर पांढरे जाते आणि पिशवीला सूज आहे म्हणून त्यांची पिशवी काढली. फक्त पिशवी काढली की अंडाशयही काढले, हे त्यांना आजतागायत माहीत नाही. शस्त्रक्रियेनंतर महिन्याभरातच त्यांच्या अंगातून वाफा निघू लागल्या, रात्री त्या दरदरून घामाने उठून बसू लागल्या. घरात सगळे म्हणाले की अशक्तपणा आहे. दोन वर्षांपूर्वी परसात कपडे धुताना पाय घसरून त्या नुसत्या हातावर पडल्या आणि मनगट मोडले. प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांनी विचारले की यांचे वय सत्तरच्या आसपास आहे का. तेव्हा त्या ५२ वर्षांच्या होत्या.

मला स्वतःलाही गेले सहा महिने रात्री दोन-तीनच्या सुमारास तशीच जाग येते. मानेपासून कानापर्यंत आग चढते, पाठीखालची चादर ओली होते आणि पाच मिनिटांत थंडी वाजू लागते. माझा अतिरक्तस्राव आणि या वाफा यांचा एकमेकांशी संबंध आहे का? पिशवी काढली म्हणजे हे थांबेल की वाढेल? ज्यांना अनुभव आहे किंवा माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

स्त्रीरोग_सातारा

मी साताऱ्यात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. तुम्हाला तपासल्याशिवाय तुमच्यासाठी निर्णय सांगणे योग्य होणार नाही, पण तारीख घेण्याआधी काय समजून घ्यायला हवे ते मोकळेपणाने लिहिते.

पाळी कायमची गेली असे आपण तेव्हाच म्हणतो, जेव्हा सलग बारा महिने ती आलेली नसते. भारतीय स्त्रियांत हे सरासरी ४६-४७ व्या वर्षी घडते, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या सुमारास. मात्र त्याआधीची चार-पाच वर्षे, कोणाकोणाची आठ वर्षेही, एक संक्रमणाचा काळ असतो आणि खरा त्रास बहुतेक वेळा त्याच काळात होतो. अंडाशयातली बीजे संपत आलेली असतात, त्यामुळे काही महिने बीज सुटतच नाही. बीज सुटले नाही की प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. इस्ट्रोजेन मात्र कमीजास्त प्रमाणात चालू असते आणि ते गर्भाशयाचे अस्तर वाढवत राहते. हे जाड झालेले अस्तर मग उशिरा, अनियमितपणे आणि भरपूर रक्तस्रावासह गळते. म्हणजे तुमच्या अतिरक्तस्रावाचे मूळ त्या तीन सेंटिमीटरच्या गाठीत नसून या संप्रेरकांच्या असमतोलात असण्याची शक्यता बरीच आहे. गाठ अस्तराच्या बाजूला, पोकळीत डोकावत असेल तर ती लहान असूनही रक्तस्राव करते. भिंतीच्या मधोमध असेल तर पुष्कळदा ती निमित्तमात्र असते. सोनोग्राफीच्या अहवालात तिची नेमकी जागा लिहिलेली असायला हवी. पाळी गेल्यावर अशा गाठी सहसा आक्रसतात, आणि त्यांचा कर्करोग होणे अत्यंत दुर्मीळ आहे.

रात्रीच्या वाफांचे कारणही तेच संक्रमण आहे. इस्ट्रोजेन कमी होऊ लागले की मेंदूतल्या तापमान नियंत्रणाच्या केंद्राची सहनशीलता घटते. एरवी ज्या किरकोळ उष्णतेची शरीर दखलही घेत नाही, तिलाच ते मोठा ताप समजते, त्वचेखालच्या रक्तवाहिन्या फुलवते आणि घाम आणते. म्हणून पाच मिनिटांनी थंडी वाजते. हा मनाचा खेळ नाही आणि अशक्तपणाही नाही.

आता उपायांकडे येते. वयाच्या ४५ नंतर असा अनियमित आणि जास्त रक्तस्राव होत असेल तर आधी अस्तराचा छोटा तुकडा तपासून घ्यावा. ही बायोप्सी बहुतेक वेळा बाह्यरुग्ण विभागातच, भूल न देता होते. सोबत थायरॉइडची टीएसएच तपासणी करावी, कारण थायरॉइडच्या बिघाडानेही पाळी बिघडते. तुकड्यात काही वावगे निघाले नाही तर उपचारांची मोठी वाट मोकळी असते. रक्तस्रावाच्या दिवसांतच घ्यायची ट्रानेक्झॅमिक आम्लाची गोळी आहे, प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या आहेत, आणि गर्भाशयात बसवायचे, हळूहळू संप्रेरक सोडणारे साधन आहे, ज्याने बहुतेक स्त्रियांचा रक्तस्राव अगदी थोड्यावर येतो आणि जे पाच वर्षे काम करते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली ऑर्मेलॉक्सिफेन ही गोळीही यासाठी वापरली जाते. कुटुंबनियोजनासाठी सरकारी केंद्रांत 'छाया' या नावाने मिळते तीच ही. "गोळ्या किती दिवस खाणार?" या प्रश्नाचे उत्तर असे आहे की पाळी जाईपर्यंत, आणि तुमच्या वयाला तो काळ फार लांब नाही.

शेवटी अंडाशयांविषयी. पिशवी काढल्याने वाफा थांबत नाहीत, कारण त्या पिशवीमुळे येतच नाहीत. अंडाशय काढले तर जी उतरण निसर्ग पाच-सात वर्षांत उतरवतो, ती एका दिवसात उतरावी लागते, आणि वाफा अधिक तीव्र होतात. आईकडून किंवा वडिलांकडून आलेला स्तनाच्या किंवा अंडाशयाच्या कर्करोगाचा जनुकीय धोका नसेल, तर ४७ व्या वर्षी निरोगी अंडाशय 'सोबतच' काढून टाकणे मला पटत नाही. पुढे काही वर्षे ते थोडेफार संप्रेरक देत असतात आणि हाडे व हृदय यांना त्याचा आधार असतो.

तुमच्या जाऊबाईंच्या त्या वेळच्या शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड घरात कुठे असेल तर कृपया शोधा. अंडाशय काढले होते का, हे त्यावर लिहिलेले असेल, आणि त्यांच्या पुढच्या उपचारांसाठी ते कळणे फार आवश्यक आहे.

वाळवा_आशा

मी वाळवा तालुक्यात आशा सेविका आहे. दिवाळीनंतर आमच्याकडे कारखान्यांचा हंगाम सुरू होतो आणि बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. गावाबाहेरच्या माळावर त्यांच्या कोप्या पडतात. मी तिथे लसीकरणासाठी जाते आणि दरवर्षी एक गोष्ट पाहते, ती या धाग्यात सांगितली पाहिजे असे वाटते.

नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस काम चुकले की खाडा लागतो, म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंडही कापला जातो. पाळीच्या दिवसांतही पहाटेच्या अंधारात फडात जायचे, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचे, आणि दिवसभर आडोसा नाही, पाणी नाही. अशा बाईला अंगावर पांढरे जाऊ लागले किंवा पाळी जास्त जाऊ लागली, तर पिशवी काढणे हा तिला 'एकदाचा सुटण्याचा' मार्ग वाटतो, आणि तसे सांगणारे दवाखाने तिला भेटतात. २०१९ साली हा विषय विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांचे सर्वेक्षण झाले तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. संपूर्ण देशात १५ ते ४९ वयोगटातल्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ३ टक्क्यांच्या आसपास आहे. इथे ते जवळजवळ १७ टक्के भरते.

मागच्या हंगामात एका कोपीत ३८ वर्षांची बाई मला म्हणाली, "ताई, पिशवी काढली तेव्हा वाटलं होतं, आता कंबर राहील. कंबर काय राहिली नाही, उलट झोपच गेली." तिच्या हातापायांची आग होत होती आणि ती मला उष्णतेची पुडी मागत होती. कृष्णाकाठ ताई, तुम्ही शिकलेल्या आहात, तरी तुम्हाला एका भेटीत तारीख मिळाली. मग त्या बाईने कोणाला आणि काय विचारायचे होते? तिला दिलेल्या कागदावर तिचे नावसुद्धा चुकीचे लिहिलेले होते.

एक उपयोगाची माहिती देते. तिशीच्या पुढच्या प्रत्येक स्त्रीची रक्तदाब, साखर, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी उपकेंद्रावर आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य होते. त्यासाठी आम्ही घरोघरी सीबॅकचा, म्हणजे कोणाला आजाराचा धोका आहे ते टिपण्याचा, अर्ज भरतो. गर्भाशयमुखाच्या तपासणीत सौम्य ॲसेटिक आम्लाचा बोळा लावून पांढरा डाग उठतो का, एवढेच पाहतात. दुखत नाही. अंगावर पांढरे जाते म्हणून पिशवी काढायला निघालेल्या बाईची ही साधी तपासणीही झालेली नसते, हे मी वारंवार पाहिले आहे.

किल्ल्याखाली (सातारा)

वरचे सर्व वाचले आणि त्यातला कळकळीचा सूर मला मान्य आहे, तरीही दुसरी बाजू माझ्या अनुभवातून मांडते, कारण 'पिशवी काढू नका' एवढेच वाचून कोणी घरी बसून राहिले तर ते जिवावर बेतेल.

माझी पाळी ५१ व्या वर्षी गेली. चार वर्षांनी एके दिवशी आंघोळीच्या वेळी परकरावर रुपयाएवढा गुलाबी डाग दिसला. मी तो धुऊन टाकला. पंधरा दिवसांनी पुन्हा दिसला. शेजारच्या काकूंना सांगितले, तर त्या म्हणाल्या की त्यांच्या चुलत सासूलाही असेच 'परत आले' होते, उष्णतेने येते, धन्याचे पाणी घ्या. मी सब्जा आणि धन्याचे पाणी चार महिने घेत राहिले. दुखत काहीच नव्हते, म्हणून मन सारखे समजूत घालत होते. शेवटी दिवाळीला आलेल्या मुलीने माझा वाळत घातलेला परकर पाहिला आणि दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन गेली.

अस्तराची जाडी १३ मिलिमीटर होती. तुकडा तपासला तेव्हा कर्करोग निघाला, पण तो अस्तरापुरताच होता. माझी पिशवी, नलिका आणि अंडाशय सगळे काढले, आणि माझ्या बाबतीत तेच योग्य होते. आज दोन वर्षे झाली, मला किरणोपचारांचीही गरज पडली नाही. त्या चार महिन्यांत तो पसरला असता तर, हा विचार अजूनही मला झोपेतून उठवतो.

स्त्रीरोग_सातारा

किल्ल्याखाली ताईंनी हे लिहिले याबद्दल मी त्यांची मनापासून ऋणी आहे. बारा महिने पाळी बंद राहिल्यानंतर दिसलेला रक्ताचा एक थेंबही तपासलाच पाहिजे. अशा प्रत्येकीला कर्करोग नसतो. दहा जणींमागे साधारण एकीला तो निघतो, बाकीच्यांत अस्तर पातळ होऊन सुकल्यामुळे किंवा अस्तरावरच्या साध्या, चामखिळीसारख्या वाढीमुळे (पॉलिप) रक्त येते. पण ती दहावी कोण, हे धन्याच्या पाण्याने कळत नाही. पाळी गेलेल्या स्त्रीत अस्तर ४ मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर तुकडा घेतात. वजन जास्त असलेल्या आणि मधुमेह असलेल्या स्त्रियांनी विशेष जागरूक राहावे, कारण चरबीच्या पेशींतही इस्ट्रोजेन तयार होते आणि पाळी गेल्यावर त्याला आवर घालणारे प्रोजेस्टेरॉन नसते.

आशा ताईंच्या मुद्द्याला जोडून सांगते. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ साली मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करण्याचा आदेश दिला. तेव्हा 'मला दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे आहे' असे म्हणताना कोणीही संकोच बाळगू नये. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

कराडकर

मी पुरुष आहे आणि या धाग्यावर लिहावे की नाही, याचा दोन दिवस विचार केला. माझी पत्नी ४९ वर्षांची आहे. गेले वर्षभर ती लहानसहान गोष्टींवरून चिडते आणि मग स्वतःच रडते. महिन्यापूर्वी रात्री दोन वाजता जाग आली तेव्हा ती जागेवर नव्हती. न्हाणीघराच्या थंड फरशीवर भिंतीला पाठ टेकून, पदराने मान पुसत बसली होती. "काय झाले?" असे विचारल्यावर ती म्हणाली, "रोज बसते. तुम्हाला आज दिसलं." लग्नाला २६ वर्षे झाली आहेत, आणि ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

माझे दोन प्रश्न आहेत. ही उदासी याच बदलाची आहे की निराळे काही आहे, हे कसे ओळखायचे? आणि दुसरा प्रश्न लिहिताना अवघड वाटते, पण इथे सगळे इतके स्पष्ट लिहीत आहेत म्हणून विचारतो. तिला जवळीक नकोशी झाली आहे. मी ते मनाला लावून घेतले होते आणि त्यावरून तिला बोललोही. आता वाटते की मी चुकलो.

स्त्रीरोग_सातारा

तुम्ही विचारले हे फार बरे केले. या काळात संप्रेरकांच्या चढउतारामुळे नैराश्याची शक्यता वाढते, विशेषतः बाळंतपणानंतर किंवा पाळीच्या आधी ज्यांना उदासीचा त्रास होत असे त्यांच्यात. त्यात महिनोन्महिने रात्रीची झोप मोडलेली असते, आणि त्याच सुमारास सासू-सासऱ्यांचे आजारपण, मुलांची लग्ने किंवा परगावी जाणे हे सगळे एकत्र येते. सलग दोन आठवड्यांहून अधिक काळ मन खिन्न असेल, आवडीच्या कामातही रस वाटत नसेल, तर ते 'वयाचे' म्हणून सोडू नये. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासावे आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. जगणे नकोसे झाल्याचे ती कधी बोलली तर एक दिवसही थांबू नये.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की इस्ट्रोजेन घटले की योनीची त्वचा पातळ आणि कोरडी होते, संबंधाच्या वेळी अक्षरशः ओरखडल्यासारखे दुखते, आणि ज्या गोष्टीत दुखते ती शरीर टाळू लागते. तिचा तुमच्यावरच्या मायेशी संबंध नाही. वारंवार लघवीला जळजळ होणे हेही बऱ्याचदा त्याच कोरडेपणामुळे असते. यावर स्थानिक वापराचे इस्ट्रोजेनचे मलम आहे. ते रक्तात अत्यल्प उतरते, त्यामुळे पोटातून घ्यायच्या संप्रेरकांइतका विचार त्यासाठी करावा लागत नाही, मात्र स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर आधी कर्करोगतज्ज्ञांना विचारावे. वाफा आणि झोप यांवर उपचार झाले की चिडचिडही पुष्कळदा ओसरते.

संप्रेरक उपचारांना आपल्याकडे अजून फार घाबरले जाते, म्हणून दोन शब्द लिहिते. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचा १६,६०८ स्त्रियांचा संयुक्त संप्रेरकांचा भाग स्तनाच्या कर्करोगाचे आणि हृदयविकाराचे प्रमाण वाढल्याने थांबवला गेला आणि जगभर या गोळ्या बंद झाल्या. पण त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, आणि स्तनाच्या कर्करोगाची वाढ वर्षाला दहा हजारांमागे आठ इतकी होती. साठीच्या आत आणि पाळी जाऊन दहा वर्षे झालेली नसताना, तीव्र त्रास असलेल्या निरोगी स्त्रीला या उपचारांचा फायदा सहसा धोक्यापेक्षा जास्त असतो, असे आज मानले जाते. पिशवी असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन द्यावेच लागते. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात, यकृताचा आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर हे उपचार देत नाहीत. अशा स्त्रियांसाठी वाफांवरची संप्रेरकविरहित औषधे आहेत.

फलटणची_वारकरी

माझे वय ६१ आहे आणि माझी पाळी जाऊन १३ वर्षे झाली. इथे सगळी दुःखेच वाचली, म्हणून सांगावेसे वाटते की पाळी गेल्यावर मी पहिल्यांदा निर्धास्तपणे वारीला निघाले. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड करत पंढरपुरापर्यंत चालताना 'मध्येच आली तर?' ही धास्ती नव्हती, आणि तो आनंद अजून आठवतो.

पण दुसऱ्याच वर्षी खोकला आला की लघवी सुटू लागली. अभंग म्हणताना वरचा सूर लावला तरी कापड ओले व्हायचे. दिंडीत मी सर्वांच्या मागे चालू लागले, पाणी पिणे कमी केले. एका शिबिरात डॉक्टरीणबाईंनी व्यायाम शिकवला. लघवी मध्येच रोखताना जे स्नायू आवळतात तेच आवळून धरायचे, पाच मोजायचे, सोडायचे, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. तीन महिन्यांत मला फरक पडला. हे आवळणे लघवी करताना करायचे नाही, ते फक्त स्नायू ओळखण्यापुरते. बसल्या जागी होते, कोणाला कळतही नाही. ज्यांचे अंग बाहेर येते त्यांनी मात्र आधी दाखवून घ्यावे.

वाळवा_आशा

हाडांविषयी एक भर घालते, कारण आमच्या भागात 'आम्ही भाकरी खातो, आमची हाडे पक्की' असा ठाम समज आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत किंवा बाजरीत कॅल्शियम जेमतेम २७-२८ मिलिग्रॅम असते, नाचणीत मात्र ३६४. पाळी गेलेल्या स्त्रीला रोज १२०० मिलिग्रॅम लागते. पाटण-जावळीच्या डोंगरात पिकणारी नाचणी खाली वाळव्यात आजारी माणसाच्या आंबिलीपुरती विकत आणतात. मी आता बैठकीत नाचणीची भाकरी, दूध-ताक आणि तिळाची चटणी यांविषयीच सांगते. भोगीला आपण बाजरीच्या भाकरीवर तीळ थापतो, ते वर्षभर का करू नये? आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहाने ती अंगी लागत नाही. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्या.

कृष्णाकाठ (सांगली)

चार महिन्यांनी लिहिते आहे. मी तारीख रद्द केली आणि मिरजेच्या शासकीय रुग्णालयात दुसरे मत घेतले. तिथे सकाळी साडेआठला रांगेत उभे राहावे लागले, पण माझा तपशील एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पूर्ण ऐकून घेतला. मी पाळीच्या तारखा आणि रोज किती पॅड लागले, हे वहीत लिहून नेले होते. ती वही त्यांनी सोनोग्राफीच्या आधी वाचली. तुकड्याचा अहवाल निर्दोष आला, गाठ भिंतीच्या मध्ये आहे, आणि संप्रेरकाचे साधन बसवून आता तीन महिने झाले. पहिले सहा आठवडे थोडे थोडे सतत जात होते आणि मी धीर सोडला होता. त्यांनी ते आधीच सांगून ठेवले होते म्हणून थांबले. या महिन्यात दोन दिवस फक्त डाग दिसले. हिमोग्लोबिन ११.१ आहे. रात्रीच्या वाफा अजून आहेत, त्यांच्यासाठी पुढच्या भेटीत बोलायचे ठरले आहे.

जाऊबाईंचे डिस्चार्ज कार्ड सापडले. त्यांच्या लोखंडी ट्रंकेत, जुन्या रेशनकार्डाच्या पिशवीत, घडीवर फाटलेले होते. सगळे इंग्रजीत होते, शाई उडालेली. आम्ही दोघी माजघरात खाली बसलो, मी एकेक ओळ वाचून मराठीत सांगत गेले. गर्भाशय काढले, असे पहिल्या ओळीत होते. दुसऱ्या ओळीत दोन्ही अंडाशय आणि नलिका काढल्याचे लिहिले होते. मी ते सांगितले तेव्हा जाऊबाईंनी माझ्या हातातला कागद घेतला, त्यांना वाचता येत नाही तरी त्या ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, "दोन्ही?"

मी हो म्हटले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे त्या वाफा खऱ्या होत्या."

त्यांची हाडांची घनता तपासली, कमरेचा आकडा उणे ३.१ आला. उणे २.५ च्या खाली गेला की हाडे ठिसूळ झाली असे धरतात. वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे इंजेक्शन सुरू करणार आहेत, त्याआधी ड जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडाची तपासणी करायची आहे. कार्डाची मी झेरॉक्स काढून घेतली. मूळ कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात घालून जाऊबाईंच्या फायलीत पहिल्या पानाला लावले आहे. मंगळवारी मिरजेला ते दाखवायचे आहे, आणि जाऊबाईंनी सांगितले आहे की डॉक्टरांना ती दुसरी ओळ त्या स्वतः सांगणार आहेत.